टॅब-स्पेसचा वाद आणि दूध बिलातले वीस पैसे

प्रश्न थोडक्यात असा आलाय. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावकडं एक छोटी कंपनी, सहा जणांची टीम, पीएचपीतलं लारावेल आणि जावास्क्रिप्टमधलं रिअॅक्टवर काम. दोन सीनियर आहेत, एक इथंच दहा वर्षं काढलेला आणि दुसरा पुण्यातनं दोन वर्षांपूर्वी घरी परत आलेला. ओळ आत सरकवायला एक टॅब मारतो, दुसरा चार स्पेस, एक कर्ली ब्रॅकेट त्याच ओळीत उघडतो, दुसरा खालच्या ओळीत, आणि परवा एका पीआरवर (मुख्य कोडमध्ये घ्यायच्या आधी बाकीच्यांनी तपासायला टाकलेल्या बदलावर) ३१ कमेंट पडल्या त्यातल्या पंचवीसेक ह्याच्यावरच. साहेब वैतागून म्हणाले गिऱ्हाइकाला कोडची स्टाइल दिसत नाही, कामाला लागा. तर विचारलंय की बरोबर कोण, आणि स्टाइल ठरवायचीच असली तर ती ठरवायची कशी. शेवटी अजून एक छोटा प्रश्न होता, व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवली तर चालतील का. तो छोटा वाटतो पण माझ्या मते सगळ्यात मोठा तोच आहे, त्याच्याकडं येतो शेवटी.

मी सतरा वर्षं ह्या कामात आहे, त्यातली बरीचशी दूध संस्थांच्या सॉफ्टवेअरवर गेली. ह्या एका गोष्टीत आम्ही चांगली ठेच खाल्लीय म्हणून जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घे.

सरळ उत्तर आधी देतो. साहेबांचं म्हणणं अर्धं खरं आहे, गिऱ्हाइकाला स्टाइल दिसत नाही. पण तुझा कोड गिऱ्हाईक वाचत नाही, तो वाचतोस तू आणि तुझ्या शेजारी बसलेला माणूस, आणि त्यातली चूक नजरेतनं सुटली की मग ती गिऱ्हाइकाला दिसते. सीनियर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि म्हणूनच हा वाद त्यांच्यात कधीच मिटणार नाही, त्यामुळं तो त्यांच्या हातातनं काढून मशीनच्या हातात द्यायचा.

आमचे चुलते उद्यमनगरात लेथवर होते, चाळीस वर्षं. मी कॉलेजला असताना त्यांच्याकडं एका बाहेरच्या पार्टीचं काम आलं, पंपाच्या हाउसिंगचं, कास्टिंग शिरोलीतनं ओतून आलेलं, ह्यांनी फक्त मशीनिंग करायचं. ड्रॉइंग बघितलं, जॉब लावला, एका बाजूला भोक पाडायचं होतं ते पाडलं, सगळा लॉट केला, पाठवला आणि सगळाच्या सगळा परत आला. भोक उलट्या बाजूला. आता गंमत म्हणून नाही सांगत, त्या माणसाच्या हाताखाली इतकी पोरं तयार झाली, माप चुकणारा माणूस नव्हता तो. झालं काय होतं, आपल्याकडं ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये काढतात, भारतीय मानक ब्युरोची पद्धत तीच आहे, अमेरिकेत थर्ड अँगल चालतं. फर्स्ट अँगलमध्ये समोरच्या चित्राच्या उजवीकडं जे चित्र असतं ती वस्तूची डावी बाजू असते, थर्ड अँगलमध्ये ती उजवीच असते. कोपऱ्यात टायटल ब्लॉकमध्ये एक छोटी खूण असते, कापलेल्या शंकूची आणि दोन वर्तुळांची, ती बघायची आणि मग ड्रॉइंग वाचायचं. त्या ड्रॉइंगवर ती खूणच नव्हती. चुलत्यांनी आयुष्यभर जसं वाचलं तसं वाचलं.

ह्यात फर्स्ट अँगल चांगलं की थर्ड अँगल चांगलं हा प्रश्नच नाही. दोन्हीत पंप बनतो. पण एकाच टेबलावर दोन्ही आली आणि कुठलं कुठलं ते सांगितलं नाही, की शहाण्या माणसाचा लॉट भंगारात जातो. आणि जितका माणूस जुना तितका तो सवयीनं वाचतो, त्यामुळं अनुभवी माणसाला धोका कमी नसतो, कधी कधी जास्तच असतो.

कोडच्या बाबतीत तर हे तपासूनही झालंय. १९८४ साली सोलोवे आणि एर्लिक ह्या दोघांनी प्रोग्रॅमर लोकांना दोन प्रकारचे प्रोग्रॅम दिले, एक नेहमीच्या रिवाजानं लिहिलेले आणि दुसरे चालणारे पण रिवाज मोडून लिहिलेले. रिवाजानं लिहिलेल्या कोडमध्ये अनुभवी लोक नवख्यांच्या लई पुढं होते, आणि रिवाज मोडला की त्यांची ती आघाडी जवळजवळ गेलीच. म्हणजे तुझ्या साहेबांनी सीनियर माणसाला जास्त पगार देऊन ठेवलाय त्या पगाराचा फायदा कोड एकसारखा असला तरच पुरता मिळतो, हे साहेबांना ह्याच शब्दात सांग, पटेल त्यांना.

आता आमचं काय झालं ते.

दूध संस्थेचं बिल दहा दिवसाचं असतं हे तुला माहीतच असणार. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस पावत्या, प्रत्येक पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दर, रक्कम. दहाव्या दिवशी बेरीज, त्यातनं पशुखाद्याची, ॲडव्हान्सची कपात आणि उरलेले पैसे खात्यावर. आमच्या कोडमध्ये पैशाचं राउंडिंग शेवटी बेरजेवर एकदाच व्हायचं. एका पोरानं, चांगला पोरगा, आज तो आमच्यापेक्षा भारी काम करतो, पावतीच्या प्रिंटमध्ये पैसे नकोत म्हणून एका जागी राउंडिंग टाकलं. त्याला वाटलं फक्त प्रिंटला लागेल. लागलं पावतीच्या रकमेलाच, म्हणजे वीस वेळा.

बघ कसं होतं ते. सकाळी ४.३ लिटर, दर ५२.४०, रक्कम २२५.३२, राउंड केली २२५. संध्याकाळी ३.७ लिटर, त्याच दरानं १९३.८८, राउंड केली १९४. खरी बेरीज ४१९.२०, आपली ४१९. वीस पैसे. वीस पावत्यांत कुणाचे दोन रुपये वाढले, कुणाचे तीन कमी झाले, अगदी वाईटात वाईट झालं तर दहा रुपयाचा फरक. तुला मला दहा रुपये काही नाहीत. पण गावातला माणूस पावत्या सुतळीत ओवून ठेवतो आणि दहाव्या दिवशी त्याची शाळेत जाणारी मुलगी कॅल्क्युलेटरवर लिटर आणि दराचा गुणाकार करून बेरीज करते, आणि बेरीज जुळली नाही की तो संस्थेत येऊन विचारतो आणि त्यानं विचारलंच पाहिजे. सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं, आणि सगळ्या सभासदांची बिलं परत काढून फरकाच्या नोंदी घालायला आम्हाला चार दिवस लागले.

आता ही चूक रिव्ह्यूमध्ये कशी सुटली? रिव्ह्यू मी केला होता. त्या पोराच्या एडिटरमध्ये सेव्ह केलं की फाइल आपोआप फॉरमॅट व्हायची, त्याच्या सेटिंगप्रमाणं, आणि बाकी कुणाकडंच ते सेटिंग नव्हतं. त्यामुळं डिफमध्ये, म्हणजे काय बदललं ते दाखवतात त्यात, चौदाशे ओळी लाल-हिरव्या झाल्या, सगळ्या टॅबच्या स्पेस झाल्या म्हणून, आणि त्या चौदाशेमध्ये एक ओळ राउंडिंगची. मी वरनं खाली स्क्रोल केलं, सगळं फॉरमॅटिंगच दिसतंय म्हटलं, आणि मर्ज केलं. तीच ओळ एकटी माझ्यासमोर आली असती तर मी दुसऱ्या सेकंदाला थांबलो असतो, एवढी वर्षं दूध बिलात काढल्यावर राउंडिंग हा शब्द दिसला की माणूस थांबतोच.

त्या दिवसापासनं माझं मत पक्कं झालं. एकसारखी स्टाइल ही सुंदर दिसण्यासाठी नाहीच मुळी. ती अशासाठी, की जे बदललं तेवढंच डिफमध्ये दिसावं. कुठलाही स्टाइलचा नियम माझ्यासमोर आला की मी हा एकच प्रश्न विचारतो, ह्यानं डिफ स्वच्छ होतोय का. उदाहरण देतो, ॲरेच्या शेवटच्या आयटमनंतरचा स्वल्पविराम. तो नसला तर नवीन आयटम घालताना दोन ओळी बदललेल्या दिसतात, आधीच्या ओळीला स्वल्पविराम लागला म्हणून ती पण बदलते. तो असला की एकच ओळ. प्रिटियर ह्या फॉरमॅटरनं, म्हणजे कोड आपोआप एकसारखा मांडणाऱ्या टूलनं, २०२३ मध्ये तिसऱ्या व्हर्जनला हा शेवटचा स्वल्पविराम सगळीकडं डीफॉल्टच करून टाकला, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

टॅब की स्पेसचं काय मग? खरं सांगू, दोन्हीकडं चांगली कारणं आहेत. स्पेसनं प्रत्येकाच्या स्क्रीनवर सारखंच दिसतं. टॅबची रुंदी ज्याची तो ठरवतो, आणि ज्यांना कमी दिसतं, अक्षर लई मोठं करून वाचतात किंवा ब्रेल डिस्प्लेवर वाचतात त्यांना टॅबनं खरंच सोपं जातं. हे कारण मला टॅबच्या बाजूचं सगळ्यात वजनदार वाटतं, तुमच्या टीममध्ये असं कुणी असेल तर चर्चा तिथंच संपली, टॅब वापरा. लिनक्स कर्नलमध्ये टॅब आहे आणि तो आठ अक्षरांचा धरतात, पायथॉनच्या पेप ८ ह्या स्टाइलच्या नियमावलीत २००१ पासनं चार स्पेस आहेत, गो मध्ये टॅब, प्रिटियरमध्ये दोन स्पेस. सगळी जगातली मोठमोठी कामं ह्यावर चाललीत, कुठलं बंद पडलं नाही. १९८३ मध्ये कुणीतरी हे मोजलंही होतं, शून्य, दोन, चार आणि सहा स्पेसचं इंडेंट देऊन, तर दोन ते चार सगळ्यात बरं वाचता आलं. म्हणजे तुमचे दोघंही सीनियर त्याच्या आतच आहेत की.

ओळीच्या लांबीचंही तसंच. ८० अक्षरांचा आकडा आला कुठनं तर आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डावर ८० कॉलम होते तिथनं, पुढं टर्मिनलपण ८० कॉलमचे झाले आणि तो आकडा चिकटला तो चिकटलाच. पायथॉनवाल्यांनी ७९ घेतला, ब्लॅक नावाचा फॉरमॅटर ८८ घेतो, आणि लिनक्स कर्नलमध्ये २०२० साली ८० ची सक्ती ढिली केली, तिथला तपासणारा स्क्रिप्ट आता १०० च्या पुढं गेलं की बोलतो. ह्यातला कुठलाही घ्या. बरोबरचा आकडा शोधत बसू नका, तो नाहीच.

आणि ब्रॅकेटच्या भांडणाचा निकाल तर पीएचपीवाल्यांनी आधीच लावून ठेवलाय, तुमच्या सीनियरांना बहुतेक हे लक्षात आलं नाही. पीएसआर १२ ह्या त्यांच्या नियमावलीत क्लास आणि मेथडचा कर्ली ब्रॅकेट खालच्या ओळीत, आणि इफ, फॉर, व्हाइल ह्यांचा त्याच ओळीत. म्हणजे दोघंही निम्मे निम्मे बरोबर. लारावेलबरोबर पिंट नावाचा फॉरमॅटर येतो, २०२२ पासनं आहे, तो स्वतःच्या लारावेल प्रीसेटनं (तयार नियमसंचानं) चालतो किंवा पीएसआर १२ च्या प्रीसेटनं चालवता येतो. प्रीसेट एक निवडा आणि त्यातला एकही नियम बदलू नका. एकही म्हणजे एकही नाही. एकदा का इथं मला हे आवडत नाही म्हणून एक नियम बदलला की दुसऱ्याला त्याचा एक बदलायचा असतो आणि भांडण आहे तिथंच येतं, फक्त पीआरमधनं उठून कॉन्फिग फाइलमध्ये जाऊन बसतं.

गो भाषेवाल्यांनी हे लवकर ओळखलं. २००९ ला भाषा बाहेर आली तेव्हाच तिच्याबरोबर गोफम्ट हा फॉरमॅटर होता, आणि त्याला फॉरमॅटसाठी सेटिंगच जवळजवळ नाहीत. गो बनवणाऱ्यांपैकी एक, रॉब पाइक, ह्यांचं त्यावर एक म्हणणं आहे, की गोफम्टची स्टाइल कुणाचीच लाडकी नाही पण गोफम्ट सगळ्यांचा लाडका आहे. हे तुमच्या ऑफिसातल्या दोघांना लागू पडतं. प्रीसेट बाहेरचा असला की त्यात कुणी जिंकत नाही. जो माणूस दहा वर्षं तिथं आहे त्याला नव्या आलेल्यानं तुझं ब्रॅकेट चुकलंय असं सगळ्यांसमोर कमेंटमध्ये लिहिलं की त्याला काय वाटत असेल, माझी दहा वर्षं चुकली का असंच वाटतं, आणि मग तो टॅबसाठी भांडत नसतो, स्वतःच्या कामासाठी भांडत असतो. मशीननं बदललं तर त्यात अपमान नसतो. ही गोष्ट कुठल्या नियमात लिहिलेली नसते पण टीम टिकवायची असेल तर मला ही फार मोठी वाटते.

फॉरमॅटरचा अजून एक उपयोग आहे ज्याबद्दल कमी बोललं जातं, तो कोडचा खरा आकार दाखवतो. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलनं आयओएस ७.०.६ काढलं ते एका चुकीपायी. एसएसएलच्या (सुरक्षित कनेक्शनच्या) कोडमध्ये गोटू फेल ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा आली होती. वर इफ, त्याला कर्ली ब्रॅकेट नाही, खाली दोन सारख्या ओळी, दोन्ही सारख्याच आत सरकवलेल्या. डोळ्याला वाटतं दोन्ही इफच्या आत. खरं म्हणजे पहिलीच आत आहे, दुसरी बाहेर आहे आणि ती दरवेळी चालते, त्यामुळं पुढची सही तपासायची पायरी कधी यायचीच नाही आणि सगळं ठीक आहे असं उत्तर जायचं. लोक म्हणतात ब्रॅकेट घातले असते तर वाचलं असतं, असेल. पण माझं म्हणणं त्या फाइलवर नुसता फॉरमॅटर चालवला असता तरी दुसरी ओळ डावीकडं सरकली असती आणि मग ती कुणाच्याही डोळ्यात खुपली असती. जीसीसी ह्या सी भाषेच्या कंपायलरनं पुढं २०१६ मध्ये सहाव्या व्हर्जनला फसव्या इंडेंटची वॉर्निंगच आणली.

बरं, आता करायचं कसं. ह्यात एक-दोन जागा अशा आहेत की तिथं हमखास पाय घसरतो, तेवढ्याच सांगतो, बाकी डॉक्युमेंटेशनमध्ये आहे.

सगळा जुना कोड एका दिवशी फॉरमॅट करायचा. हळूहळू करू, जी फाइल हातात येईल ती करू, हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं पण मग प्रत्येक पीआर आमच्या त्या चौदाशे ओळींच्या पीआरसारखा होतो. दिवस ठरवा, शुक्रवारी संध्याकाळी नको, सोमवारी सकाळी करा म्हणजे काही तुटलं तर सगळे जाग्यावर असतात. त्याच्या आधी जेवढ्या ब्रँच मर्ज होतील तेवढ्या करून घ्या. मग एकच कमिट (बदलाची नोंद), त्यात फॉरमॅटरनं जे केलं तेवढंच, माणसाच्या हातचं एक अक्षर नाही. आधी टेस्ट चालवा, नंतर चालवा. टेस्ट नसतील तर, आणि मला वाटतं नसतील, निदान मागच्या महिन्याची बिलं आधीच्या कोडवर आणि नंतरच्या कोडवर काढून दोन्ही फाइली जुळवून बघा. आम्ही तेच केलं.

जुना सीनियर इथं एक हरकत घेईल आणि ती बरोबर आहे, की मग कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या ब्लेममध्ये सगळ्या ओळींवर एकाच माणसाचं नाव येईल, कुठली ओळ कुणी कधी का लिहिली ते कळणार नाही. त्याच्यावर उपाय आहे. गिटच्या २.२३ व्हर्जनपासनं, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासनं, ब्लेमला अमुक कमिट धरू नको असं सांगता येतं. त्या फॉरमॅटच्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) एका फाइलमध्ये लिहायचा, ती फाइल रेपोत ठेवायची आणि प्रत्येकाच्या गिटला ती कुठं आहे ते एकदा सांगायचं, की ब्लेम त्या कमिटच्या पलीकडं बघतो. आमच्याकडं हे मी आधी केलं नव्हतं आणि वर्षभर जुन्या ओळींचा इतिहास शोधताना जीव गेला.

फॉरमॅटरचं व्हर्जन सगळ्यांकडं एकच पाहिजे, व्हर्जन पक्कं लिहून ठेवणाऱ्या लॉक फाइलमधनं. प्रत्येकानं आपापलं घेतलं तर दोन व्हर्जन एकाच कोडला दोन प्रकारे लावतात आणि एकाचा बदल दुसरा उलटवत राहतो. विंडोज आणि लिनक्स दोन्ही मशीन असतील तर ओळ संपायची खूण पण वेगळी असते, ती गिटअॅट्रिब्यूट्समध्ये पहिल्या दिवशी ठरवून टाका, नाहीतर एक अक्षर न बदलता अख्खी फाइल बदललेली दिसते. कमिट करतानाचा हुक (आपोआप चालणारी तपासणी) ठेवा पण त्याच्यावर विसंबू नका, तो एका फ्लॅगनं टाळता येतो आणि घाईत सगळेच टाळतात. खरा दरवाजा सीआयवर (प्रत्येक बदल सर्व्हरवर आपोआप तपासला जातो तिथं) पाहिजे, फॉरमॅट नसेल तर मर्जच होणार नाही. आणि त्यानंतर रिव्ह्यूमध्ये टॅब, स्पेस, ब्रॅकेट ह्यावर एकही कमेंट करायची नाही, हा नियम लेखी ठेवा. मशीन ज्यावर काही बोललं नाही त्यावर माणसानं पण बोलायचं नाही.

अपवाद असतात. दरपत्रक कोडमध्येच लिहिलेलं असेल, एका बाजूला फॅट, दुसऱ्या बाजूला एसएनएफ, आकडे एकाखाली एक छान जुळवलेले, तर फॉरमॅटर त्याचं वाटोळं करतो आणि मग चुकलेला दर दिसत नाही. अशा जागी प्रिटियरला इग्नोरची कमेंट घालता येते, ब्लॅकलाही तात्पुरतं बंद करता येतं. ती मोकळ्या मनानं वापरा, नियम आपल्या सोयीसाठी आहे. तरी माझं ऐकशील तर दरपत्रक कोडमधनं काढून डेटाबेसमध्येच टाक, दर काय वर्षात एकदा बदलतो होय.

एवढं सगळं झालं की रिव्ह्यूमध्ये अचानक शांतता होते. आमच्याकडं पहिले दोन आठवडे तर कुणी काही लिहायचंच बंद झालं, कारण आतापर्यंत आम्ही रिव्ह्यू म्हणून जे करत होतो ते फॉरमॅटिंगच होतं. आणि मग खऱ्या गोष्टी दिसायला लागल्या.

इथं तुझा तो मराठी नावांचा प्रश्न येतो.

फॉरमॅटर नाव बदलू शकत नाही. आमच्या कोडमध्ये म्हशीच्या दुधाच्या दराला एका जागी इंग्रजीत बफेलो रेट होतं, एका जागी म्हैस दर, आणि म्हैस हा शब्द रोमन अक्षरात लिहायच्या आम्ही तीन तऱ्हा काढल्या होत्या, एम एच ए आय एस, एम एच ए एस, आणि एकानं शेवटी डबल एस लावलेला. शोधायला गेलं की एक सापडतं आणि दोन राहतात. फॅटचं त्याहून वाईट. एका फाइलमध्ये फॅट म्हणजे ६.५ आणि फॅट मोजायच्या मशीनकडनं वाचणाऱ्या फाइलमध्ये त्याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये ६५, कारण त्या मशीनकडनं पॉइंट न येता आकडा यायचा. म्हशीला ६.० फॅट, ९.० एसएनएफ, गाईला ३.५ आणि ८.५ असा पाया धरून दर लागतो, त्यात दहापटीचा गोंधळ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आता आम्ही जिथं दहापट आकडा आहे तिथं नावातच ते लिहितो. लांब नाव होतं, होऊ दे.

तर अशा जागी वाद घाला, तासभर घाला, चहा मागवून घाला. आम्ही एका शनिवारी सगळी नावं भिंतीवर कागदावर लिहून लावली. दूध घालणाऱ्या माणसाला कोडमध्ये चार नावं निघाली, फार्मर, मेंबर, प्रोड्युसर आणि उत्पादक. पहिल्यांदा वाटलं एक ठेवू आणि तीन खोडू. तेवढ्यात आमच्यातली एक मुलगी, तिचे वडील संस्थेत संचालक होते, ती म्हणाली असं कसं, सभासद वेगळा आणि उत्पादक वेगळा. सभासदाचा शेअर असतो, त्याला लाभांश मिळतो. दूध तर बिगर सभासद पण घालतो. आणि असे सभासद पण असतात की म्हैस विकली, दूध बंद, पण शेअर आहे. आम्ही कोड उघडून बघितला तर लाभांशाची यादी काढणारं फंक्शन उत्पादकांच्या टेबलवर चालत होतं. अजून वर्षअखेर व्हायची होती म्हणून बरं, नाहीतर शेअर असलेल्या पण दूध बंद केलेल्या सगळ्या लोकांची नावं लाभांशातनं गळाली असती.

म्हणून मराठी नावांचं माझं उत्तर असं आहे की शब्द ज्यांच्या कामाचा आहे त्यांच्याकडनं घ्यावा. ज्याला इंग्रजीत सरळ, सगळ्यांना कळणारा शब्द आहे तिथं इंग्रजी, रेट, बिल, शिफ्ट, पेमेंट, हे तर सेक्रेटरी पण म्हणतात. पण दिवाळीला दुधाच्या दराचा जो फरक मिळतो त्याला कोडमध्ये डिफरन्स म्हणू नका. डिफरन्स म्हटलं की वाचणाऱ्याला वजाबाकी वाटते. आमच्याकडं कुणी त्याला बोनस लिहिलं होतं, कुणी रिबेट, आणि एकानं खरोखरच डिफरन्स, आणि नव्या पोराला त्या तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी वाटल्या. आता आम्ही त्याला फरकच म्हणतो, रोमन अक्षरात पी एच न लिहिता एफ लिहून, आणि हे स्पेलिंग शब्दयादीत लिहून ठेवलंय. यादी रेपोतच आहे, साधी टेक्स्ट फाइल, डावीकडं शब्द, उजवीकडं एका ओळीत संस्थेच्या भाषेत अर्थ. नवीन शब्द आला की तो पीआरमध्येच त्या यादीत घालायचा आणि त्यावर कमेंट हव्या तेवढ्या करायच्या.

तुमच्या त्या दोन सीनियरांना हे यादीचं काम एकत्र बसून करायला लाव. इथल्याला शब्द माहीत असणार, पुण्यातनं आलेल्याला ते कोडमध्ये कुठं कुठं विस्कटलेत ते दिसणार. सुरुवात दोन-तीन अशा शब्दांनी करा ज्यांच्यावरनं गिऱ्हाइकाचा फोन आलेला आहे, ते तुमच्याकडं नक्की असतील.